भालेरावबाईंचा शेला

साल २०१९. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि एका कापडाला घाबरत होतो.

हसू नका. पलटणीत मी हवालदार होतो. बर्फात राहिलोय, कानाजवळून गेलेली गोळी ऐकलीय. तेव्हा भ्यालो नाही असं नाही, पण ते भिणं चारचौघांबरोबरचं होतं. हे भिणं एकट्याचं. फरीदाबादला मुलाच्या घरी माझ्या खोलीत लोखंडी कपाट आहे. त्यात एक जांभळा पैठणी शेला ठेवला होता आणि त्याच्यापायी मी सकाळचं दूध आणण्यापलीकडे घर सोडून कुठे जाईनासा झालो होतो. दुपारी बेल वाजली की आधी कपाटाला हात लावायचा, मग दार उघडायचं. सूनबाई सुनीता हरियाणाची, तोंडाने फटकळ. म्हणायची, "पापाजी, इसमें है क्या? बम?"

शेला माझा नव्हता. सत्त्वशीलाबाई भालेरावांचा होता. लिहायचं आहे ते त्यांच्याबद्दल. माझी शाळा चौथीपर्यंत, त्यामुळे जसं बोलतो तसंच लिहिणार. कोणाला ते सुधारावंसं वाटलं तर त्याने स्वतःचं वेगळं लिहावं.

पलटणीतून सुटल्यावर मी दिल्लीतच एका सरकारी कचेरीच्या गेटवर पहाऱ्याला लागलो. तिथे माकडं फार. एक दिवस माकडाने माझा भाकरीचा डबा उचलला आणि मी त्याला गावाकडची शिवी हासडली. निम्मी तोंडातून गेली तोच समोरून एक बाई आल्या, म्हणून उरलेली गिळली. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "पूर्ण द्या हो. अर्धी शिवी पोटात राहिली की बाधते."

ती पहिली भेट. बाई वरच्या मजल्यावर टायपिस्ट होत्या. बुटक्या, सावळ्या, अंगावर इरकल साडी आणि पायांत शाळेच्या पोरांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट का, तर दिल्लीची बस थांबत नाही, तिच्यामागे पळावं लागतं. कानांत आईच्या मोत्याच्या कुड्या. त्या कधी काढायच्या नाहीत. म्हणायच्या, "मोती कातडीला लागला नाही की मरतो. डबीत ठेवलेले मोती बघा, मेलेल्या माशाच्या डोळ्यांसारखे दिसतात." खरं-खोटं मला ठाऊक नाही. त्यांच्या कानांतले मात्र जिवंत दिसायचे.

बाई नगरकडच्या ख्रिस्ती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये एकट्या राहायच्या. हिंदूराव नावाच्या जुन्या मराठा सरदाराच्या वाड्याचा आता दवाखाना आहे, रिटायर झाल्यावर त्याच्या बाजूला भाड्याची खोली घेतली. तिकडेच का, असं विचारलं तर म्हणाल्या, "हिंदूराव आपल्याकडचाच की. ग्वाल्हेरहून आलेला. परक्या गावात ओळखीचं कोणी शेजारी असावं." तो मरून शे-दीडशे वर्षं झाली असतील. बाईंना त्याचं काही नाही.

शेला त्यांच्या आईचा. आई नगरकडे सुईण होती. कुठल्याशा मोठ्या घरची सून अडली होती, ती आईने सोडवली. बाळ-बाळंतीण सुखरूप झाली तेव्हा सासऱ्याने स्वतःच्या खांद्यावरचा शेला काढून तिच्या खांद्यावर टाकला. आईने तो पेटीत ठेवला नाही. गावात ज्या पोरीचं लग्न ठरेल तिच्या अंगावर तो जायचा. तीच रीत बाईंनी दिल्लीत चालवली. सरोजिनी नगर असो, कँटोन्मेंट असो, मराठी घरात लग्न निघालं की बाईंना फोन जायचा. बाई शेला घेऊन जायच्या, नवरीच्या खांद्यावर टाकायच्या, जेवून यायच्या. पैसा नाही, साडीचोळी नाही. एकदा एका नवरीची आत्या कुजबुजली, "ख्रिश्चनाघरचा शेला, आणि बोहल्यावर?" बाईंना ऐकू गेलं. त्या म्हणाल्या, "अहो, बाप्तिस्मा माझा झालाय, शेल्याचा नाही." आत्याबाईच आधी हसल्या.

त्यांचा एक नेम होता. आपल्याकडे कोरं लुगडं आधी आवडत्या माणसाला नेसायला देतात, त्याने घडी मोडायची, मग आपण नेसायचं. बाई हे जुन्या शेल्याला दर खेपेला करायच्या. नवरीच्या आधी दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर तो गेलाच पाहिजे. मग ती झाडूवाली असो, शेजारची पंजाबीण असो. माझी बायको असताना तिने कितीदा तरी घडी मोडली. आरशासमोर उभी राहून आधी हसायची, मग एकदम गप्प व्हायची. एकदा कोणीच सापडेना तेव्हा बाई मला म्हणाल्या, "हवालदार, तुम्ही मोडा घडी."

"मी? बायकांचं पांघरूण?"

"ज्याने माझ्या आईला दिला तो काय बाई होता? पूर्वी दरबारात पुरुष घेत असत."

"मी दरबारात नाही, गेटवर असतो."

"बरं, राहू द्या. अजून वेळ आहे," असं म्हणून त्यांनी कचेरीतल्या चहावाल्याच्या खांद्यावर टाकला. तो दिवसभर ऐटीत चहा वाटत होता.

आता माझ्या भिण्याचं सांगतो. शेला न्यायचा-आणायचा म्हणजे बाईंना सोबत लागायची, आणि सोबत मी. बाई तो भाजीच्या पिशवीत घालायच्या, वरून मेथीची जुडी. पिशवी माझ्या हातात. त्या निवांत शेंगदाणे खात चालायच्या आणि मी येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात बघत चालायचो. बसमध्ये कोणी खेटून उभा राहिला की मला वाटायचं, ह्याला कळलं. बाई म्हणायच्या, "तोंड सरळ करा. तुमच्याकडे बघून आंधळ्यालासुद्धा कळेल की पिशवीत काहीतरी आहे."

एकदा कँटोन्मेंटहून लग्न उरकून आम्ही सरोजिनी नगरला उतरलो. थंडीचे दिवस, ऊन उतरलेलं. मार्केटच्या मागच्या रस्त्याला ऑटोची वाट बघत होतो. एक मोटारसायकल हळू झाली, पुढे गेली, वळून परत आली. दोघे होते, मागच्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि पुढच्याचं बोडकं. मी पलटणीत शिकलोय, जो दोनदा येतो तो रस्ता चुकलेला नसतो. ओरडायला तोंड उघडलं, पण उशीर झाला. गाडी अगदी जवळून गेली आणि पिशवीला हिसका बसला. मी बंद सोडला नाही म्हणून दोन पावलं फरफटलो. मग बंद तुटला.

रस्त्यावर बसलो तेव्हा गुडघ्यातून रक्त येत होतं. बाईंकडे बघायची हिंमत होईना. कितीतरी पोरींच्या अंगावर गेलेलं, त्यांच्या आईचं कापड, माझ्या हातातून गेलं. म्हणालो, "बाई, गेला."

"काय गेलं? मेथी?" बाईंनी अंगावरची काळी शाल बाजूला केली. शेला आत गळ्याभोवती होता. "जुडी चांगली होती हो, कोवळी."

बाई म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पिशवी सोडून माझ्याकडे बघत बसला असता. चोर पिशवी बघत नाही हो, राखणदाराचे डोळे बघतो."

म्हणजे मला मेथीच्या पहाऱ्यावर ठेवलं होतं! हवालदाराला! घरी पोचेपर्यंत मी अवाक्षर काढलं नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांच्याकडे फिरकलो नाही. मग त्यांनीच निरोप धाडला: मेथीचे पराठे केलेत, राग गरम असेपर्यंत या. गेलो. पराठे खाल्ले. राग सोडला नाही, पण बाजूला ठेवला.

कँटोन्मेंटमध्ये एक सुभेदारीण होत्या, सातारकडच्या, जिवाला जीव देणारी बाई. त्यांच्या मुलीच्या लग्नात शेला गेला आणि लग्नाच्या धामधुमीतच सुभेदारांची बदली निघाली, तिकडे वाळवंटात. सुभेदारणीला धसका बसला. कोणा जवानाच्या हाती शेला पाठवायचा कसा? पार्सलने गहाळ झाला तर? म्हणून तो प्लास्टिकमध्ये गुंडाळला, भोवती मूठभर डांबरगोळ्या टाकल्या, ट्रंकेत घातला, कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्राला बांधली. तिथले उन्हाळे तो ट्रंकेतच होता. परत दिल्लीला आल्या त्या दिवशी स्वतः घेऊन आल्या, बरोबर पेढे. बाईंनी गाठ सोडली. काठापदराची जर काळी पडली होती. घडी उलगडली तशी रेशीम घडीच्या रेघेवर पापडासारखं फाटत गेलं. बारीक आवाज झाला. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

सुभेदारीण कपाळ बडवायला लागली. "बाई, देवासारखा जपला हो! एकदासुद्धा उघडला नाही!"

बाईंनी तिच्या पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, "म्हणूनच गं."

तिला पेढा भरवला, चहा पाजला. ती गेल्यावर शेला पलंगावर पसरला आणि मला एकेक डाग दाखवत बसल्या. ही हळद कुणाची, हा अत्तराचा ठिपका कुणाचा, हे अश्रू की सरबत ते नक्की नाही. मी म्हणालो, धुऊन घ्या. तर म्हणाल्या, "धुतलं की ह्या सगळ्या पोरी नाल्यात जातील." फाटल्या जागी त्यांनी जुन्या मलमलीची पट्टी लावली. पैठणीचा पदर दोन्ही अंगांनी सारखा असतो, त्याला उलटं-सुलटं नसतं. आता पट्टीमुळे झालं. बाई दाताने दोरा तोडत म्हणाल्या, "घ्या, ह्याला उलटी बाजू आली. म्हातारं झालं की येतेच."

बाई खऱ्या भ्यालेल्या मी एकदा पाहिल्या. त्यांच्या गल्लीत जुन्या कपड्यांवरची जर विकत घेणारा एक सायकलवाला यायचा, "पुरानी ज़री, पुराना गोटा" असं ओरडत. बाई शेला दोरीवर सावलीत टाकून बसल्या होत्या, मी शेजारी. तो थांबला. कोणी काही म्हणायच्या आत त्याने फाटल्या कडेचा लोंबता धागा तोडला आणि काडी ओढली. रेशीम वळवळून जळालं. चिमटीत पांढरी बारीक तार राहिली.

"माताजी, असली चांदी! पूरा जलाओगे तो बढ़िया माल निकलेगा."

बाईंच्या जिभेला कधी गंज नव्हता. त्या दिवशी जिभेऐवजी हात चालला. जवळच्या तांब्यातलं पाणी त्यांनी त्या काडीवर फेकलं, त्याच्या कपड्यांसकट. शेला ओढून घेतला आणि आत गेल्या. मी त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत घालवून आलो तर बाई खाली बसलेल्या, शेला मांडीवर, तोडल्या धाग्याची जागा चाचपताहेत.

"गेला तो," मी म्हणालो. "येडा होता. त्याला काय कळतंय?"

"त्याला कळलं हवालदार, म्हणून तर भ्याले. ज्याला कळत नाही त्याची भीती नसते. तो फार तर फडकं करेल. आतली चांदी कळली की मग कापड आड येतं."

त्यानंतर ती काळजी त्यांच्या मनातून गेली नाही. माझ्यामागे ह्याचं काय? एरवीच्या गप्पा मध्येच तुटायच्या आणि बाई शेल्याकडे बघत राहायच्या. फोनही यायचे थांबले होते. नव्या पोरी लेहंगा भाड्याने आणतात, फोटो काढतात, परत करतात. फाटका शेला कोण खांद्यावर घेणार? माझी बायकोही गेली. घडी मोडायलाही घरचं माणूस उरलं नाही.

बाईंची एक भाची आहे, ग्रेसी. दिल्लीतच वाढलेली, मराठी समजते पण बोलते हिंदी. गुडगावला तिचं जुन्या कपड्यांचं दुकान आहे. आजीच्या वेळच्या साड्या घेते आणि त्यांची जाकिटं शिवते. त्याला व्हिंटेज म्हणतात, आणि श्रीमंत लोक ते हौसेने घालतात. ती आली, शेला हातात घेतला. घेतला तोही नीट, खालून तळहात देऊन, हे मी कबूल करतो. म्हणाली, "मौसी, ये अब शेला नहीं रहा, हर घड़ी में फट रहा है. जैकेट बनाऊँगी तो लोग बरसों पहनेंगे. पड़ा रहा तो मर जाएगा."

"आणि उरलेल्या तुकड्यांचं?" बाईंनी विचारलं.

"झुमके."

बाईंच्या जागी मी असतो तर हाकलली असती. मी तर म्हणालोच, "कैंची लावून दाखव." बाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि भाचीच्या गालावरून हात फिरवला. "तुझं खोटं नाही गं," म्हणाल्या. नंतर जिन्यात मला सोडायला आल्या तेव्हा कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "तिचं खोटं नाही, हवालदार. तीच तर भीती आहे."

२०१९ च्या थंडीत बाईंच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. दवाखान्यात जायच्या आधी मला बोलावलं. ग्रेसी बॅग भरत होती. तिच्यासमोरच बाईंनी शेला माझ्या हातात दिला आणि कानांतल्या कुड्या काढून तिच्या कानांत घातल्या. "झोपतानाही काढू नकोस," तिला सांगितलं. मग मला म्हणाल्या, "कापू देऊ नका. जाळू देऊ नका. आणि हवालदार, जपू पण नका."

"मग करू काय?"

"वापरा."

"कोणी?"

बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

ग्रेसी डोळे पुसत म्हणाली, "अंकल, जिस दिन आपसे न संभले, मुझे दे देना. मैं फेंकूँगी नहीं." पोर वाईट नाही. पण मला रात्रंदिवस कात्रीचा आवाज येऊ लागला तो तेव्हापासून. शेला फरीदाबादला आणला, कपाटात ठेवला, किल्ली करगोट्याला बांधली. सुभेदारणीला मी मनात किती नावं ठेवली होती! आणि करत होतो काय, तर तेच. कळत होतं. पण बाहेर काढावा तर मोटारसायकल दिसायची, उलगडावा तर तो फाटल्याचा आवाज यायचा. माझ्या हातून गेला तर बाईंना तोंड काय दाखवू? बाई बऱ्या होऊन येतील आणि मी किल्लीसकट परत करीन, एवढ्या आशेवर दिवस काढत होतो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी भेटायला गेलो. फरीदाबादहून मेट्रोने, मग ऑटोने. बाई खाटेवर लहान दिसत होत्या. दवाखान्याचा हिरवा झगा, आणि कान रिकामे. पाळीला कुड्यांची लांब भोकं, सदऱ्याच्या काजांसारखी. त्या कानांकडे मला बघवेना.

"घडी मोडली का?" पहिला प्रश्न हाच.

"नाही."

"भीती वाटते?"

आयुष्यात कुणी हे विचारलं तर मी 'छट्' म्हणत आलो. कर्नलसाहेबालाही म्हणालो होतो. त्या दिवशी म्हणालो, "वाटते."

"मलाही," बाई म्हणाल्या. शेल्यापायी त्या भ्यालेल्या पाहिल्या होत्या, स्वतःसाठी कधी नाही. मग त्यांनी माझ्या बाहीचं कापड दोन बोटांत धरलं आणि चोळून बघितलं. कुणाचंही कापड अंगठ्याखाली चोळून बघायची त्यांची जुनी खोड. "खादी आहे. घट्ट विणीची. अजून पुष्कळ वर्षं निघतील." आणि माझ्या तोंडाकडे बघून हसल्या. "कापडाचं म्हणतेय हो."

वॉर्डबॉय गाडी घेऊन आला. बाईंना त्यावर घेतलं, चादर हनुवटीपर्यंत ओढली. वळणावर त्यांनी चादरीतून हात काढला आणि खांद्यावर काहीतरी टाकल्यासारखं केलं. मला केलं की नुसतंच केलं, देव जाणे. दार मिटलं. खाटेखाली ते पांढरे बूट होते, हरवू नयेत म्हणून नाड्या एकमेकांना बांधलेले.

संध्याकाळी ग्रेसीचा फोन आला. "अंकल, मौसी..." म्हणाली आणि पुढे तिला बोलता येईना. मलाही पुढचं ऐकायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दफन होतं. सकाळी दूध आणायचं होतं, ते रोज मीच आणतो. करगोट्याची किल्ली काढली, कपाट उघडलं. शेला पलंगावर ठेवून घडी सोडायला लागलो, एकेक पदर, श्वास धरून. कुठेतरी बारीक कर्र झालं. हात तिथेच थांबले. मग पुढची घडी सोडली. हळद दिसली, अत्तराचा ठिपका दिसला, मलमलीची पट्टी दिसली. माझ्या बायकोचा डाग कुठला ते बाईंना विचारायचं राहून गेलं. पट्टीची बाजू आत घेऊन शेला स्वेटरवरून खांद्यावर टाकला. सुनीता चहाचा कप घेऊन दारात उभी होती. ही काहीतरी बोलणार, म्हणून मी तयारीत होतो. तिने नुसता मागून लोंबणारा पदर सारखा केला.

बाहेर धुकं होतं. गेटपाशी पाय अडखळले. मागून मोटारसायकल आली, माझ्याजवळ हळू झाली. वळून बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं नाही. ब्रेड-अंडीवाला निघाला, वाकून बघत पुढे गेला.

दुधाच्या बूथवर चारजण रांगेत होते. सगळे बघायला लागले. बूथवाला म्हणाला, "क्या बात है हवलदार साहब! आज किसी की शादी है?"

"नहीं," मी म्हणालो. "सोमवार है."

दुधाची पिशवी घेतली. येताना पार्कातला जवळचा रस्ता सोडला आणि मोटारसायकली धावतात त्या मोठ्या रस्त्याने घरी आलो.